माहीमचा कॉजवे आणि जव्हारचं भाडं

गेल्या अंकात मी देणग्यांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि महिनाभर पत्रं येत राहिली. सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं जमणार नाही, म्हणून जे प्रश्न पुष्कळांच्या मनात असतील ते निवडलेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी २९ वर्षं एका सरकारी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात होते. गरीब रुग्णांसाठी ट्रस्टना अर्ज लिहायचे आणि पैसे जमवायचे, हे माझं काम. देणारे आणि मागणारे, दोघंही माझ्या टेबलासमोरच्या एकाच खुर्चीत बसून गेले.

मुलाचा पहिला वाढदिवस आहे. हॉटेलात उधळण्यापेक्षा एखाद्या आश्रमात जाऊन मुलांना जेवण द्यावं, तिथेच केक कापावा, असं मला वाटतं. बायको नको म्हणते. तुमचं मत काय?
— एक वाचक, घोडबंदर रोड

तुमच्या मनात हे आलं याचा मला आनंद आहे. पण मी तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे. डोळ्यांसमोर आणून पाहा. तुमचा मुलगा आईच्या कडेवर, समोर केक, आणि ज्यांना आई नाही अशी चाळीस मुलं टाळ्या वाजवायला रांगेत बसलेली. एका आश्रमातली आठ-नऊ वर्षांची मुलगी मला म्हणाली होती, “काल चार वाढदिवस होते. चौथ्याला मी पोट दुखतंय सांगून वर जाऊन झोपले.” रविवारी तिथे पुलाव उरतो आणि बुधवारी तेल संपलेलं असतं.

आमच्या वॉर्डात दिवाळीला हेच व्हायचं. सकाळपासून मंडळं यायची, केळी आणि बिस्किटांचे पुडे वाटायची, फोटो काढून जायची. अशाच एका दिवशी जव्हारकडची एक बाई मुलाला घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेली दिसली. डिस्चार्जचा कागद दुपारी बाराला हातात पडला होता. मी पाच वाजता घरी निघाले तरी ती तिथेच. विचारलं, तर आधी काही बोलेना. मग पिशवी उघडून दाखवली. आत अकरा केळी होती, बिस्किटांचे चार पुडे होते, आणि जव्हारचं तिकीट काढायला पैसे नव्हते. दिवसभरात तिच्या हातावर काही ना काही ठेवून गेलेली माणसं पन्नास तरी असतील. घरी कशी जाणार, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. ते माझं कामच होतं, म्हणून मला ते जास्त लागलं.

त्यानंतर मी टेबलाच्या खालच्या खणात भाड्याचं पाकीट ठेवायला लागले. ते भरायचे कोण, तर नौपाड्यातले एक निवृत्त बँक कॅशियर. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायचे, दहा-दहाच्या पन्नास नोटा रबर लावून आणायचे. माझ्यासमोर अंगठ्याला पाणी लावून पुन्हा मोजायचे आणि पाकिटावर फक्त ‘भाडं’ असं लिहायचे. चौदा वर्षं हे चाललं. पावती नको म्हणायचे.

तेव्हा तुम्ही एवढंच करा. आश्रमाच्या अधीक्षकांना फोन लावा आणि विचारा, “या महिन्यात तुमचं काय अडलंय?” उत्तर कदाचित गॅसचं बिल असेल, बिघडलेला गीझर असेल, गणिताच्या बाईंचा पगार असेल. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, पण तेच भरा. केक घरी कापा. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६पासून सिग्नल शाळा चालते, ती येता-जाता पाहिली असेल. सिग्नलवर फुगे विकणारी मुलं शाळेपर्यंत पोचत नाहीत हे कुणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून शाळाच कंटेनरमध्ये बसवून पुलाखाली आणली. त्या मुलांचा दिवस कसा जातो हे आधी बघितलं, म्हणून ते सुचलं.

कॉलेजात ‘मुंबईचे दानशूर’ या विषयावर भाषण आहे. मी सर जमशेटजी जीजीभॉय निवडले. सर म्हणाले, त्यांचा पैसा अफूचा होता. आता विषय बदलू का?
— एक विद्यार्थिनी, वाशी

विषय बदलू नकोस. तुझे सर खरंच सांगताहेत, आणि तूही भाषणात ते सांग.

जमशेटजींचा जन्म १७८३चा. लहानपणीच आईवडील गेले. रिकाम्या बाटल्यांच्या व्यापारावरून बाटलीवाला म्हणून ओळखले जायचे. मग चीनच्या सफरी केल्या आणि कापूस नि अफूच्या व्यापारात अफाट पैसा मिळवला. त्या पैशातून जे.जे. रुग्णालय उभं राहिलं, पायाभरणी १८४३ची, सुरू झालं १८४५ला. ‘सर’ हा किताब मिळवणारे ते पहिले भारतीय, तेही १८४२मध्ये, म्हणजे चीनमधलं पहिलं अफूयुद्ध संपलं त्याच वर्षी. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून बोल. दान केलं म्हणजे झालेलं नुकसान फिटलं, असं मी मानत नाही. ज्यांची घरं अफूने बसली त्यांना जे.जे.मध्ये खाट मिळाली नाही. पण त्या खाटेवर पावणेदोनशे वर्षं जी गरीब माणसं बरी झाली, त्यांचा यात काय दोष? मी स्वतः कितीतरी रुग्ण तिकडे पाठवलेत आणि ते चालत परत आलेत. मला दोन्ही खरं वाटतं आणि दोन्ही बोलावंसं वाटतं.

आवाबाईंना मात्र विसरू नकोस. त्या जमशेटजींच्या पत्नी. माहीम आणि वांद्रे यांच्या मधली खाडी होडीतून ओलांडावी लागे, होड्या उलटून माणसं बुडत. पूल बांधायला सरकार पैसे काढेना. आवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. त्यांची अट एकच होती, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. आनंदनगरच्या नाक्यावर २०२४च्या ऑक्टोबरपर्यंत टोलच्या रांगेत उभं राहिलेल्या आपल्या ठाणेकरांना या अटीची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. ओझं घेऊन चालणाऱ्याला त्या रस्त्यावर काय जड जाईल, इतक्या बारकाईने त्या बाईने विचार केला.

आणखी दोन नावं घाल, ती सहसा या यादीत नसतात. १८९७च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात रुग्ण आणले. प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, स्वतःला लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. दुसऱ्या लक्ष्मीबाई पाटील. तू वाशीत राहतेस, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज तुझ्या वाटेवरच आहे. भाऊरावांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहात धान्य संपलं की त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचा एकेक दागिना काढून देत. शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या काळात हे करणं म्हणजे काय, ते तुझ्या आजीला विचार. भाषण चांगलं होईल.

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ वाचनालयासाठी दोन लाख देताहेत. दारावर वडिलांच्या नावाची पाटी हवी म्हणतात. काहींचं म्हणणं, दान गुप्त असावं. मी खजिनदार आहे, काय करू?
— नेरूळ

पाटी लावा. ठाण्यात आपण ‘सिव्हिल’ म्हणतो त्या रुग्णालयाचं नाव विठ्ठल सायन्ना यांच्या नावावरून आहे. ते नाव लिहिलंय म्हणून आत गेलेल्या कुणाचा ताप उतरायचा राहिला नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६मध्ये महिला विद्यापीठ काढलं, १९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख देऊ केले, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. कर्व्यांनी ते आनंदाने लावलं. आज एस.एन.डी.टी. म्हणताना त्या आईचं नाव आपल्या तोंडी येतं, यात मला तरी काही वावगं दिसत नाही.

नावापेक्षा अट कसली आहे ते बघत जा. केईएम रुग्णालय आणि त्याचं गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६मध्ये सुरू झालं. गोरधनदासांच्या इस्टेटीतून पैसे देताना विश्वस्तांनी अट घातली होती की शिकवणारे सगळे भारतीय असले पाहिजेत. वैद्यकातल्या वरच्या जागा तेव्हा इंग्रजांकडे असत. त्या एका ओळीने आपल्या डॉक्टरांच्या किती पिढ्या घडल्या!

तेव्हा तुमच्या गृहस्थांशी चहा घेत बसा आणि विचारा, दोन लाखांतून कपाटं-पुस्तकं होतील, पण संध्याकाळी दार उघडणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार? एका रुग्णालयात डायलिसिसचं मशीन दान आलेलं मी पाहिलं. फीत कापली, संगमरवरी पाटी लागली, आणि मशीन आठ महिने कापडाखाली राहिलं. तंत्रज्ञाचा पगार आणि रोज लागणारं सामान कुणी हिशोबातच धरलं नव्हतं. बाहेर बाकावर रुग्ण बसलेले असायचे. त्या पाटीवरची धूळ पुसणाऱ्या मावशी मला विचारायच्या, “ताई, हे कधी चालू करणार?” माझ्याकडे उत्तर नसायचं. दीड लाख ठेवीत ठेवून व्याजावर वाचनालय चालवा आणि पन्नास हजारांची पुस्तकं घ्या. हे ठरावात लिहून घ्या. मग पाटी हवी तेवढी मोठी करा.

मी पेन्शनर. महिन्याला दोनशे रुपये काढू शकते. एवढ्याशा पैशाने कुणाचं काय होणार, असं वाटून द्यायला हात धजावत नाही.
— कोपरी

अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसाने माणशी एक पैसा मागत गावोगाव हिंडून पैसाफंड उभा केला. टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि त्या पैशा-पैशातून १९०८मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. रयतच्या वसतिगृहांसाठी घरोघरी मूठ-मूठ धान्य बाजूला काढलं जायचं.

माझ्या अनुभवाचं सांगू? मोठ्या ट्रस्टचा चेक वर्षातून एकदा येई आणि कधी येईल ते ठाऊक नसे. तुमच्यासारख्यांचे दोनशे रुपये पाच तारखेला आलेच म्हणून समजा. त्यांच्या भरवशावर मी औषधवाल्याला शब्द देऊ शकत असे. एकच संस्था धरा, दर महिन्याला द्या, आणि वर्षातून एकदा तिथे स्वतः जाऊन या.

आम्ही दोघं निवृत्त. घरासमोरच टाटाचं कॅन्सरचं केंद्र आहे. पैसे फार नाहीत, पण वेळ आहे. तिथे जाऊन फळं वाटावीत का?
— खारघर

फळं नकोत. किमोथेरपीत प्रतिकारशक्ती उतरलेली असते, पुष्कळांना कच्चं, कापलेलं खायला मनाई असते. डॉक्टरांना न विचारता काहीच खायला देऊ नका.

तुमच्या घरासमोरच्या केंद्राचं मूळ ठाऊक आहे का? दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींनी १९३२मध्ये आपली मालमत्ता ट्रस्टला दिली, आणि त्या ट्रस्टने १९४१मध्ये परळचं रुग्णालय उभं केलं. १९६२मध्ये ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे गेलं. ट्रस्टने हात सोडला, म्हणून ते एका घराण्याच्या ऐपतीपेक्षा मोठं होऊ शकलं, असं मला वाटतं. खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे तुमच्या समोरचं केंद्र, हा त्याचाच विस्तार.

आता काम सांगते. रुग्णाला खाट मिळते, सोबतच्या माणसाला नाही. गाडगेबाबांना हे पुष्कळ आधी कळलं होतं. त्यांनी देवळांऐवजी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे, टाटामध्ये उपचारांसाठी आलेली बाहेरगावची माणसं तिथे राहतात. तुम्ही केंद्राच्या समाजसेवा विभागात जा, स्वयंसेवक म्हणून नाव द्या. बीड-परभणीहून आलेल्या माणसाला एक्सरे कुठे, रक्त कुठे, कागद कुठल्या खिडकीवर, हे दाखवणारं कुणी असलं तर त्याचा अर्धा दिवस वाचतो. हिंदी-मराठी फॉर्म भरून देणं, रांगेत जागा धरणं, मुलांना गोष्ट सांगणं. आठवड्यातून दोन सकाळी पुरेत, पण ठरलेल्या वारी जायचंच.

आणि तुमची मुलं, भाचे, पुतणे ठाण्या-पनवेलात असतील तर त्यांना प्लेटलेट्स द्यायला पाठवा. साठीपर्यंतच घेतात, म्हणून तुम्हाला म्हणत नाही. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. एकाच दिवशी मांडवात शंभर जणांचं रक्त घेऊन भागत नाही, मे महिन्यात आणि दिवाळीत रक्तपेढ्या फोन करत बसतात. फोन आला की उठून जाईल असा एक तरुण दाता मांडवातल्या गर्दीपेक्षा मोलाचा आहे.

व्हॉट्सॲपवर आजारी मुलाचा फोटो आणि क्यूआर कोड येतो. खरं की खोटं, कसं ओळखायचं?
— वागळे इस्टेट

फोटो बाजूला ठेवा आणि चार गोष्टी मागा. रुग्णाचं पूर्ण नाव आणि केसपेपरचा नंबर, डॉक्टरांनी लेटरहेडवर दिलेला खर्चाचा अंदाज, त्यावर शिक्का, आणि ताजी तारीख. मेसेजमधल्या नंबरवर फोन करू नका. रुग्णालयाचा नंबर स्वतः शोधा, समाजसेवा विभाग मागा, केसपेपरचा नंबर सांगून विचारा. खरं निघालं तर पैसे रुग्णालयाच्या खात्यात केसनंबर घालून भरा.

पण तेवढ्यावर थांबू नका, कुटुंबाला वाट दाखवा. पुष्कळांना ठाऊकच नसतं. आधी महात्मा फुले जनआरोग्य योजना, रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो त्याला भेटायचं. मग ते धर्मादाय रुग्णालय आहे का ते विचारायचं. उच्च न्यायालयाने २००६मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलातले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा होतात. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. ट्रस्टना अर्ज त्यानंतर. आणि हे सगळं रुग्ण दाखल असतानाच! घरी गेल्यावर जुन्या बिलाला बहुतेक ट्रस्ट पैसे देत नाहीत. कितीजण उशिरा आले म्हणून मला हात हलवत परत पाठवावे लागले, ते चेहरे अजून आठवतात.

अर्ज एका पानाचा लिहा. एकूण खर्च, कुठून किती जमलं, किती कमी पडतंय. “घरच्यांनी स्वतः एवढे भरले” ही ओळ मी प्रत्येक अर्जात घालायचे, बारा हजार असोत की बाराशे. गळ्यातलं विकून भरलेले ते बाराशे असत आणि ते वाचणाऱ्याला कळायला हवं, असं मला वाटे.

देणगीवर आयकरात ८०जीची सवलत कशी मिळते?
— पाचपाखाडी

संस्थेकडे ८०जीची नोंदणी हवी, दोन हजारांवर रोख दिलेलं चालत नाही, आणि संस्थेकडून देणगीचं १०बीई प्रमाणपत्र मागून घ्या. नव्या करप्रणालीत ही सवलत नाही.

वीस वर्षांपूर्वी माझ्या यजमानांच्या ऑपरेशनला एका ट्रस्टने अठरा हजार दिले होते. ते बरे झाले, नंतर पंधरा वर्षं रिक्षा चालवली. आता मुलगी कमावते. मला ते पैसे परत करायचे आहेत, पण ट्रस्टचं नावच आठवत नाही.
— कळवा

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दिलेली मदत परत मागणारा ट्रस्ट मी पाहिला नाही, आणि फेडायला हवं असं कुठे लिहिलेलंही नव्हतं. त्यामुळे मनावर ओझं ठेवू नका. पण तुम्हाला द्यायचंच आहे ना, मग ज्या रुग्णालयात यजमान होते तिथेच जा. केसपेपर विभागाशेजारी समाजसेवेची खोली असेल. तिथल्या बाईंना तुमची हकीगत सांगा. अठरा हजार एकदम देऊ नका. सध्या कुठला रुग्ण अडलाय ते विचारा, तेवढे त्याच्या बिलात भरा, पावती घ्या. उरलेले महिन्या-महिन्याने.

आणि त्यांच्याकडे भाड्याचं पाकीट आहे का, तेही विचारा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय, पंचाहत्तरीपुढे मोफत आहे, तरी सोबतचा मुलगा, भाऊ, दीर यांना पूर्ण लागतंच. नसेल तर तुम्ही सुरू करा. नोटा दहा-वीसच्याच न्या, पाचशेची मोडून द्यायला तिथे कुणी नसतं.